दीड टक्का उजेड

महाश्व तारकासमूहात ७.६५ प्रतीचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, साध्या द्विनेत्रीतून मात्र सापडतो. त्याला स्वतःचं असं नाव नाही. हेन्री ड्रेपर यादीतला क्रमांक तेवढा आहे, एचडी २०९४५८. सूर्याच्याच जातकुळीतला, सूर्याहून थोडा मोठा, थोडा अधिक तापलेला आणि आपल्यापासून सुमारे १५७ प्रकाशवर्षांवरचा. त्याची क्रांती, म्हणजे आकाशातले अक्षांश, जवळजवळ उत्तर १९ अंश, आणि आमचं कॉलेज पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, एकोणिसाव्या अक्षांशाच्या आसपास. त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्याला रात्री नऊच्या सुमारास हा तारा आमच्या गच्चीवरून बरोबर डोक्यावर येतो. हवाई बेटांवरच्या मौना केआ शिखराचे अक्षांशही जवळपास हेच. जगातल्या उत्तमोत्तम दुर्बिणींना आणि आमच्या आठ इंची दुर्बिणीला हा तारा जवळपास सारख्याच उंचीवर दिसतो, ही गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते.

या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायुमय महाग्रहाचं अधिक्रमण टिपणं हा आमच्या पदव्युत्तर भौतिकशास्त्राच्या मुलांचा प्रकल्प असतो. ग्रह ताऱ्यासमोरून जातो, त्या तीन तासांत ताऱ्याचा उजेड साधारण दीड टक्क्याने कमी होतो आणि मग पूर्ववत होतो. ग्रह दिसत नाही. कुठल्याही दुर्बिणीतून या ग्रहाचं चित्र आजवर मिळालेलं नाही. मिळतो तो हा दीड टक्का. त्यातून ग्रहाचा आकार कळतो, घनता कळते, त्याच्यावरची हवा कशाची आहे हेही कळू शकतं. इतकी वर्षं हे काम शिकवताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे: ग्रहाबद्दल आपल्याला जे काही कळतं ते त्याच्या ताऱ्याच्या जामिनावर कळतं. ताऱ्याला जितकं ओळखावं तितकाच ग्रह ओळखीचा होतो. ताऱ्याच्या हिशोबात राहिलेली चूक ग्रहाच्या खात्यावर जमा होते. मुलांना ग्रहाची घाई असते. ते स्वाभाविकच आहे. पण मी त्यांना पहिला महिनाभर ताऱ्यावरच ठेवते.

वेळापत्रकापासून सांगते. ग्रहाची एक फेरी ३.५२४७ दिवसांची. दोन फेऱ्यांना ७ दिवस १ तास ११ मिनिटं लागतात. आज रात्री आठला अधिक्रमण सुरू झालं तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी ते नऊ वाजून अकरा मिनिटांनी सुरू होतं. आठवडी बाजारासारखा वार ठरलेला, फक्त दर खेपेला तासाभराने उशिरा भरणारा. मधली फेरी भर दिवसा जाते. असे तीनचार आठवडे सरले की अधिक्रमण इतकं उशिरा सुरू होतं की ते संपायच्या आत तारा पश्चिमेला टेकतो. परतीचा पाऊस, चांदणं आणि दिवाळीच्या फटाक्यांचा धूर वजा केला तर हंगामात हाती लागणाऱ्या रात्री मोजक्याच उरतात. त्यात परीक्षा आल्या तर आणखी कमी.

एकदा एका विद्यार्थिनीने १९९९ चा मूळ शोधनिबंध वाचून विचारलं, "मॅडम, त्यांच्याही तारखा ९ आणि १६ सप्टेंबर आहेत. सातच दिवसांचं अंतर. म्हणजे त्यांनीही आपल्यासारखीच पुढच्या आठवड्याची वाट पाहिली?" हो, तसंच. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये टिमथी ब्राऊन आणि हार्वर्डचा तेव्हाचा संशोधक विद्यार्थी डेव्हिड शार्बोनो यांनी जेमतेम १० सेंटीमीटर व्यासाच्या दुर्बिणीने ही दोन अधिक्रमणं टिपली. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरच्या रात्री ग्रेग हेन्री यांच्या ॲरिझोनातल्या ८० सेंटीमीटरच्या स्वयंचलित दुर्बिणीनेही याच ताऱ्याचा उजेड उतरताना नोंदवला. परक्या ताऱ्यासमोरून ग्रह जाताना माणसाने प्रथमच पाहिला तो असा. आमची दुर्बीण बोल्डरच्या त्या दुर्बिणीच्या दुप्पट व्यासाची आहे. मुलांना हे कळलं की त्यांचा बसण्याचा ढंग बदलतो.

त्या शोधाचं मोल समजायचं तर त्याआधीची चार वर्षं ठाऊक हवीत. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांनी याच महाश्वात, ५१ पेगासी या ताऱ्याभोवती गुरूसारखा ग्रह असल्याचं जाहीर केलं. तो ग्रह चार दिवसांच्या आसपास एक फेरी मारतो, म्हणजे ताऱ्याला अगदी चिकटून आहे. गुरूएवढा ग्रह इतक्या जवळ असू शकेल असं तेव्हा फारसं कुणाला वाटत नव्हतं. पुरावा होता तो ताऱ्याच्या डुलण्याचा, म्हणजे वर्णपटातल्या रेषा लयीत पुढेमागे सरकण्याचा. १९९७ मध्ये डेव्हिड ग्रे यांनी आक्षेप घेतला की हे डुलणं नसून ताऱ्याच्या स्वतःच्या पृष्ठभागाचं स्पंदन असावं. पुढे अधिक नेमक्या निरीक्षणांनंतर त्यांनी तो मागे घेतला. मी हा आक्षेप वर्गात आदराने शिकवते. तो बरोबर ठिकाणी बोट ठेवणारा होता: तुम्ही ग्रह म्हणता ती ताऱ्याचीच खोड नाही कशावरून? एचडी २०९४५८ ने या प्रश्नाचा निकाल लावला. तिथेही आधी डुलणं सापडलं होतं, आणि त्या डुलण्यावरून ग्रह समोर यायला हवा म्हणून जी वेळ निघत होती, नेमक्या त्याच वेळी उजेड कमी झाला. ताऱ्याच्या स्पंदनाला हे जमणार नाही. मेयर आणि केलो यांना २०१९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

आता गच्चीवरचं काम. तारा डोक्यावर येतो हे वरदान खरं, कारण तिथे हवेचा थर सगळ्यांत पातळ असतो. पण आमचं माउंट जर्मन पद्धतीचं आहे. तारा याम्योत्तर ओलांडतो तेव्हा दुर्बीण उचलून दुसऱ्या बाजूला घ्यावी लागते, कॅमेऱ्यातलं चित्र उलटं होतं, आणि तारे कॅमेऱ्याच्या वेगळ्याच कोपऱ्यात जाऊन पडतात. तिथली धूळ वेगळी, कडेचा अंधार वेगळा. अधिक्रमणाच्या मधोमध हा पलटा आला तर प्रकाशवक्राला, म्हणजे उजेडाच्या आलेखाला, पायरी पडते. म्हणून आम्ही संध्याकाळच्या उजेडात एकसारख्या आकाशाची चित्रं घेतो, त्यांना सगळे फ्लॅट म्हणतात, आणि त्यांनी पुढचं प्रत्येक चित्र भागून काढतो. मावळतीनंतर त्यासाठी पंधरावीस मिनिटंच मिळतात. त्या वेळात गच्चीवर कुणी मोठ्याने बोलत नाही.

तारा नीट फोकसमध्ये ठेवायचा नाही, हे मुलांना सुरुवातीला पटत नाही. सात-आठ प्रतीच्या मधला तारा आमच्या कॅमेऱ्याला फार तेजस्वी. नेमका फोकस केला तर मधले चौकोन भरून वाहतात आणि मोजमाप वाया जातं. म्हणून तो मुद्दाम धूसर करून त्याचं कडं करायचं, उजेड शेकडो चौकोनांत पसरू द्यायचा आणि जास्त वेळ उघडं ठेवून घ्यायचा. जास्त वेळ उघडं ठेवल्याने ताऱ्याच्या लुकलुकण्याची सरासरीही निघते. चित्र दिसायला कुरूप असतं. आकडे मात्र स्थिर येतात.

सगळ्यांत अवघड असतं ते तुलनातारा निवडणं. आमच्या हवेत रात्रभर काहीतरी बदलत असतं: विरळ ढग, दव, नोव्हेंबरात कुठे पाचट पेटवल्याचा धूर. ताऱ्याचा उजेड एकट्याने मोजून काही कळत नाही. शेजारचा एक शांत तारा घ्यायचा आणि दोघांचं गुणोत्तर मोजायचं. ढग आला तर दोघांवर येईल, गुणोत्तर तसंच राहील. पण कॅमेऱ्याच्या चौकटीत एचडी २०९४५८ इतका तेजस्वी दुसरा तारा नाही. जे आहेत ते मंद, आणि त्यातले काही तांबडे. तारा डोक्यावरून पश्चिमेला उतरू लागला की हवेचा थर जाड होतो आणि तो निळा उजेड जास्त गिळतो, तांबडा कमी. पिवळसर ताऱ्याची तुलना तांबड्या ताऱ्याशी केली तर दोघांचं नुकसान सारखं होत नाही. वक्र हळूहळू कलतो आणि त्या उतारात दीड टक्का सहज हरवतो. म्हणून आम्ही तुलनाताऱ्यांचे रंग आधी तपासतो, तीनचार ताऱ्यांची एकमेकांशी परीक्षा घेतो, त्यातला एखादा स्वतःच कमीजास्त होत नाही ना ते पाहतो आणि तांबडा फिल्टर लावतो. यात ग्रहाचा अजून उल्लेखही आलेला नसतो.

आमच्या भागात रात्रीचं काम करायचं तर आणखी काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. शेतीपंपांची थ्री-फेज वीज रात्री आली की व्होल्टेज हलतं, म्हणून माउंट आणि कॅमेरा बॅटरीवर चालतात. हा बिबट्याचा मुलूख आहे. ऊस उभा असताना रात्री एकट्याने मोटारसायकलवरून घरी जाऊ द्यायचं नाही, हा नियम मी कधी मोडू दिलेला नाही. काम संपलं की मुलं वाचनालयात सतरंज्या टाकून झोपतात आणि उजाडल्यावर निघतात. मुलींच्या घरी मी स्वतः फोन करते. काही आया विचारतात, रात्रभर गच्चीवर करता तरी काय? मी एका मावशींना म्हटलं, या एकदा. त्या आल्या, लेकीशेजारी शाल घेऊन बसल्या, आणि पडद्यावरचे ठिपके खाली उतरायला लागले तेव्हा मुलांच्या आधी त्यांनीच विचारलं, "हे खाली जातंय, ते तुमचं आलं का?" आलं होतं.

ते ठिपके एकेकटे पाहिले तर काहीच कळत नाही. प्रत्येक ठिपका तीनचार हजारांश वरखाली असतो. दहादहा ठिपक्यांची सरासरी काढली की आकार उमटतो: सपाट रेषा, मग साधारण अर्ध्या तासाचा उतार, मग तळ, मग चढ. तळ सपाट नसतो, वाटीसारखा गोल असतो. मुलांना वाटतं की मोजणीत गडबड आहे. गडबड नसते. ताऱ्याचं बिंब मधे जास्त तेजस्वी आणि कडेला मंद असतं. कडेला आपली नजर ताऱ्याच्या वरच्या, थंड थरांतच अडकते, मधे ती खोल, तप्त थरांपर्यंत पोचते. ग्रह कडेवरून मधे सरकतो तसा तो अधिकाधिक उजळ भाग झाकतो, म्हणून तळ गोल. निळ्या फिल्टरमधून हा गोलवा जास्त दिसतो, तांबड्यातून कमी. म्हणजे ग्रहाच्या म्हणून काढलेल्या वक्राचा तळ ताऱ्याने घडवलेला असतो.

मग आकार. उजेड किती टक्के कमी झाला यावरून ग्रहाच्या आणि ताऱ्याच्या बिंबांचं गुणोत्तर मिळतं. या ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या सुमारे १२ टक्के आहे. हे गुणोत्तर आमच्या गच्चीवरूनही बऱ्यापैकी येतं. पण किलोमीटरमध्ये किती? त्यासाठी ताऱ्याची त्रिज्या लागते, आणि ती गच्चीवरून मिळत नाही. ती ताऱ्याचं अंतर, रंग, वर्णपट आणि ताऱ्यांच्या उत्क्रांतीची गणितं यांतून येते. १९९९ च्या शोधानंतर पहिल्या निबंधात ग्रहाची त्रिज्या गुरूच्या १.२७ पट दिली होती. २००१ मध्ये हबल दुर्बिणीच्या नितांतसुंदर वक्रावरून ती १.३५ पटीच्या आसपास गेली, आणि पुढच्या अभ्यासांत १.३२ पासून १.३८ पर्यंत हलली. ग्रह फुगला किंवा आकसला नव्हता. बहुतांश फरक ताऱ्याला दिलेल्या मापाचा होता. हबलचा तो वक्र मी दरवर्षी पडद्यावर दाखवते. एकेक ठिपका दहा हजारांत एखाद्या भागाइतक्या अचूकतेचा. मोठा चंद्र किंवा मोठी कडी असती तर त्या वक्रात खाच दिसली असती. तशी कसलीही खूण त्यात सापडली नाही.

वस्तुमानाचंही असंच. तारा सेकंदाला सुमारे ८५ मीटर वेगाने डुलतो. त्यावरून ग्रहाचं वस्तुमान काढायला ताऱ्याचं वस्तुमान आधी गृहीत धरावं लागतं. यातून बाहेर पडायची एक वाट २०१० मध्ये इग्नास स्नेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढली, आणि मला या ग्रहाच्या सगळ्या इतिहासात ती सर्वांत जास्त आवडते. चिलीतल्या आठ मीटरच्या दुर्बिणीने त्यांनी ग्रहाच्या हवेतल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा पकडल्या आणि ग्रहाचा स्वतःचा वेग मोजला: सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर. आपली पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते. तारा आणि ग्रह दोघांचे वेग हातात आले की दोघांची वस्तुमानं एकमेकांच्या साक्षीने निघतात, ताऱ्याच्या कुठल्याही गणिती प्रतिमेवाचून. उत्तरात अनिश्चितता बरीच होती, पण ते कुणाच्या जामिनावर नव्हतं. त्याच रेषांच्या किंचित सरकण्यावरून ग्रहाच्या तप्त दिवसाकडून रात्रीच्या बाजूला सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर वेगाने वारा वाहत असल्याचीही खूण मिळाली.

हे सगळं जमवून जो ग्रह उभा राहतो तो असा. वस्तुमान गुरूच्या सुमारे ०.७ पट, म्हणजे पृथ्वीच्या २२० पटींच्या आसपास. व्यास १ लाख ९० हजार किलोमीटरच्या पुढे. घनता पाण्याच्या साधारण एक तृतीयांश. शनी आपल्या सूर्यमालेतला सर्वांत विरळ ग्रह, हा त्याच्याहूनही विरळ. ताऱ्यापासूनचं अंतर सुमारे ७० लाख किलोमीटर, बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्याच्या आठव्या हिश्शापेक्षा थोडं कमी. तापमान हजार अंश सेल्सिअसच्या वर. इतक्या जवळच्या ग्रहाची एक बाजू कायम ताऱ्याकडेच वळलेली असणार, असं भरतीओहोटीच्या बलांचं गणित सांगतं.

मुलांना यातला एक आकडा चकित करतो. २२० पृथ्व्यांइतकं वस्तुमान, पण ग्रह इतका फुगलेला की त्याच्या वरच्या थराशी गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जवळपास, किंचित कमीच. "मग तिथं आपलं वजन इथल्याइतकंच?" हो. पण उभं राहायला जागा नाही. पृष्ठभागच नाही. वरून खाली जावं तसा हायड्रोजन आणि हीलियमचा दाब वाढत जातो, वायूचा दाट द्रव होतो, पुढे हायड्रोजन धातूसारखा वागू लागतो, आणि या बदलांत पाय टेकावा अशी सीमा कुठेच येत नाही. आणि हा ग्रह इतका फुगला का, याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. ताऱ्याजवळचे जे महाग्रह जास्त उष्णता झेलतात ते जास्त फुगलेले असतात, एवढं मोजमापांवरून स्पष्ट आहे. वरून पडणारी ही उष्णता ग्रहाच्या आत खोल कशी पोचते, त्यावर वाद आहे. ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहांनी, असं काही जण म्हणतात. वाऱ्यांनी खाली ढकलल्याने, असं काही जण.

ग्रहाच्या हवेचा इतिहास मी सर्वांत सावकाश शिकवते, कारण माझं मत तिथे सर्वांत जास्त कसाला लागतं. २००१ च्या नोव्हेंबरात शार्बोनो आणि सहकाऱ्यांनी हबलच्या निरीक्षणांतून जाहीर केलं की अधिक्रमणात सोडियमच्या पिवळ्या रेषेपाशी उजेड आसपासच्या रंगांपेक्षा जास्त कमी होतो. जास्त म्हणजे ०.०२३ टक्के. आमच्या दीड टक्क्याचाही सुमारे साठावा भाग. परक्या ताऱ्याच्या ग्रहाची हवा पहिल्यांदा कळली ती अशी, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. २०२० मध्ये स्पेनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक निबंध आला. जमिनीवरच्या दुर्बिणींच्या अतिसूक्ष्म वर्णपटांवर काम करून त्यांनी दाखवलं की सोडियमच्या रेषेपाशी दिसणारा हा ठसा ताऱ्यामुळेही उमटू शकतो. तारा स्वतःभोवती फिरतो, त्याची एक कड आपल्याकडे येते, दुसरी दूर जाते. ताऱ्याच्याही हवेत सोडियम आहे, आणि बिंबाच्या मधली आणि कडेची सोडियमरेषा सारखी नसते. ग्रह ज्या वेळी बिंबाचा जो भाग झाकतो त्याप्रमाणे ताऱ्याची रेषा आकार बदलते. त्यांच्या वर्णपटात हा हिशोब वजा केल्यावर ग्रहाच्या सोडियमसाठी काही उरत नव्हतं. हबलचं मोजमाप वेगळ्या, रुंद पट्ट्यातलं आहे आणि चर्चा त्यानंतरही चालूच राहिली. मी मुलांना दोन्ही निबंध वाचायला देते आणि माझं मत सांगत नाही.

असंच तापमानाचं. २००७-०८ च्या सुमारास स्पिट्झर अवरक्त दुर्बिणीच्या मोजमापांवरून या ग्रहाच्या वरच्या हवेत खालच्यापेक्षा जास्त उष्ण थर आहे, असा निष्कर्ष निघाला आणि तो या प्रकारच्या ग्रहांचा नमुना म्हणून सांगितला जाऊ लागला. २०१४ मध्ये जुनी मोजमापं नव्याने तपासली आणि त्यांत काही नवी जोडली, तेव्हा तो उष्ण थर नाहीसा झाला. रेणूंचंही तेच. २०२१ मध्ये जमिनीवरून पाणी, कार्बन मोनॉक्साइड, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन सायनाइड आणि ॲसिटिलीन असे सहा रेणू सापडल्याचा दावा झाला. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या वर्णपटात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड स्पष्ट दिसले, पण मिथेन, हायड्रोजन सायनाइड आणि ॲसिटिलीन यांचा पुरावा मिळाला नाही. इतक्या उष्णतेत कार्बन मिथेनच्या रूपात राहण्यापेक्षा ऑक्सिजनला धरून राहतो, हे रसायनशास्त्राला धरून आहे.

एक गोष्ट मात्र पहिल्या निकालापासून टिकून आहे. २००३ मध्ये आल्फ्रेड व्हिदाल-माजार यांच्या फ्रेंच गटाने हबलमधून अतिनील प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषेत पाहिलं, तेव्हा अधिक्रमणात उजेड सुमारे १५ टक्के कमी होत होता, दृश्य उजेडातल्या घटीच्या दहापट. ग्रहाभोवती हायड्रोजनचं मोठं वेष्टन आहे आणि ते निसटत चाललं आहे. सेकंदाला किमान १० हजार टन. त्याच गटाने ग्रहाला ऑसायरिस हे टोपणनाव दिलं, तुकडे तुकडे झालेल्या इजिप्शियन देवाचं. मुलं लगेच विचारतात, मग ग्रह संपेल का? मी गणित त्यांच्याकडूनच करून घेते. या वेगाने शंभर कोटी वर्षं गेली तरी ग्रहाच्या वस्तुमानाचा हजारावा भागही जात नाही. आकडा प्रचंड असतो तेव्हा तो कशाच्या मानाने प्रचंड, हे पाहायची सवय इथे लागते.

आपल्याकडेही या जातीचा ग्रह सापडला आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या अभिजित चक्रवर्ती यांच्या गटाने माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवरच्या 'पारस' वर्णपटमापकाने २०२१ मध्ये टीओआय-१७८९ बी हा ग्रह निश्चित केला. वस्तुमान गुरूच्या ०.७ पट, त्रिज्या सुमारे १.४ पट, फेरी ३.२ दिवसांची. आमच्या ग्रहाचा सख्खा भाऊ शोभावा. फरक आहे तो ताऱ्यात. तो तारा सूर्याच्या दीडपट वस्तुमानाचा आणि आयुष्याच्या उतरणीला लागलेला, फुगू लागलेला. त्याच्या ग्रहावर येणारी उष्णता वाढत जाणार. दोन सारखे ग्रह आणि दोन वेगळ्या वयाचे तारे, यावर पुढच्या तुकडीने काम करावं असं मला फार वाटतं.

आमच्या वक्रातून शेवटी एकच आकडा असा निघतो, की ज्यासाठी ताऱ्याचं माप फारसं लागत नाही: अधिक्रमणाच्या मध्याची वेळ. ती काही मिनिटांच्या अचूकतेने येते, आणि मुलं ती प्रसिद्ध वेळापत्रकाशी ताडून पाहतात. आमच्या ग्रहासाठी, म्हणजे एचडी २०९४५८ बीसाठी, त्या वेळेची जगाला गरज उरलेली नाही. १९८९ ते १९९३ या काळात आकाशाचं मोजमाप करणाऱ्या हिप्पार्कोस उपग्रहाच्या नोंदींतही हे अधिक्रमण कुणाच्या लक्षात न येता टिपलेलं होतं. शोध लागल्यावर ते उकरून काढलं गेलं आणि ग्रहाचा फेरीकाळ तेव्हाच अगदी नेमका झाला. पण अनेक मंद ताऱ्यांभोवतीच्या महाग्रहांच्या वेळा अशा पक्क्या नाहीत. फेरीकाळात काही सेकंदांची चूक असली तरी शेकडो फेऱ्यांनंतर ती तासावर जाते, आणि महागड्या अवकाश दुर्बिणीने चुकीच्या वेळी ताऱ्याकडे पाहिलं तर सगळं वाया. युरोपीय अवकाश संस्थेची एरियल मोहीम सुमारे हजार ग्रहांची हवा तपासणार आहे, आणि तिच्यासाठी वेळा पक्क्या करायला 'एक्झोक्लॉक' या उपक्रमात जगभरचे हौशी आणि शैक्षणिक निरीक्षक लहान दुर्बिणींनी मोजमापं पाठवतात. आमच्या दुर्बिणीला झेपतील असे ११ प्रतीपर्यंतचे तारे त्या यादीत आहेत. यंदाच्या मुलांनी त्यातले चार निवडले आहेत आणि सध्या ती त्यांचे तुलनातारे रंगाप्रमाणे लावत बसली आहेत.